आतेसासूबाईंची चाकं

साऱ्या काष्टी पंचक्रोशीत माझ्या आतेसासूबाईंइतकी माणसं कुणी आडवी केली नसतील. त्यांत बहुतेक चार ते आठ वर्षांची पोरं होती, आणि एक मी. वय चव्वेचाळीस, माध्यमिक शाळेत मराठीचा शिक्षक, वजन सांगण्यासारखं नाही.

आतेसासूबाई म्हणजे माझ्या बायकोच्या आत्या. सारी हयात त्यांनी आरोग्यसेविकेची नोकरी केली आणि निम्म्या गावाला जगात आणलं. त्यामुळे गावात कुणी कशाला नकार द्यायला लागलं, की त्या शांतपणे विचारत, "तू पायाळू व्हतास. तुला सोडवलं कुनी?" मग तो माणूस निमूट कामाला लागे. निवृत्तीनंतर त्या तीन महिने पुण्याला मुलाकडे राहिल्या. तिथे इमारतीच्या पार्किंगमध्ये लहान मुलं पायाला चाकं बांधून वाकड्या काठ्यांनी चेंडू मारत. आत्या रोज खुर्ची टाकून ते बघत बसायच्या. परत निघताना त्यांनी घरोघरी जाऊन, मुलांना लहान झालेले स्केट्स मागून घेतले. सुनेनं म्हणे पुढे आठवडाभर लिफ्ट वापरली नाही, कुणी भेटायला नको म्हणून. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "आजी, पोत्यात काय हाय?" आत्या म्हणाल्या, "चाकं." "ट्रॅक्टरची?" "पोरांची," असं म्हणून आत्यांनी दोन्ही पोती पायाशी ओढून घेतली.

आता गावातल्या पोरांना हा खेळ शिकवायचा, तर गुळगुळीत जमीन कुठली? ती एकाच ठिकाणी होती, मंगल कार्यालयात. त्याचा मालक अर्थातच पायाळू होता. अट एवढीच, की लग्नाची तिथी असेल तेव्हा खेळ बंद. त्यामुळे आमच्याकडची हॉकी पंचांगावर चालते. चातुर्मास हा आमचा खरा हंगाम. एरवी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आधी सगळ्यांनी मिळून फरशी झाडायची, कारण अक्षतेचा एक दाणा चाकात गेला की पोर जागच्या जागी थांबतं आणि त्याचं डोकं पुढे जातं. हा शोध माझ्यामुळे लागला.

मी त्यात पडलो तो मुलीमुळे. मुक्ता तेव्हा साडेपाच वर्षांची होती आणि जगातल्या सगळ्याच गोष्टींना घाबरायची. झोका, मांजर, शेजारच्या काकांची शिंक. हे तिनं कुणाकडून घेतलं हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त माझ्यासमोर बोलत नव्हते. मी तिला घेऊन गेलो, आणि पहिल्याच दिवशी तिनं स्केट्स घालून माझ्या पायाला जी मिठी मारली ती सोडेना. आत्यांनी थोडा वेळ आम्हा दोघांकडे पाहिलं. त्या जावयाचा मान कधी सोडत नाहीत. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "भ्या पोरीला न्हाई, तुमाला वाटतंय. तुमी घाला चाकं."

माझ्या मापाचा एकच जोड होता. पुण्यातल्या कुणा थोराड कन्येचा, जांभळा, वर चांदण्या. तो घालून मी उभा राहिलो तेव्हा पहिलीच्या वर्गातली एक मुलगी दुसरीला म्हणाली, "सर पडनार बग." ती हुशार निघाली. आत्यांचा पहिला धडा पडण्याचाच असतो. गुडघे वाकवायचे, अंग सैल सोडायचं, कुशीवर जायचं, तळहात टेकवायचे नाहीत. सगळी पोरं एका रांगेत पटापट पडत होती. मीही पडलो, पण आत्यांच्या मते मी पडत नव्हतो, कोसळत होतो. "सैल सोडा वो," त्या म्हणत. "खुर्चीत बसल्यावानी सोडता न्हाई का अंग, तसं." माझ्या शाळेतल्या कारकिर्दीबद्दल त्यांना घरातून माहिती मिळत असावी.

आठ दिवस मी आणि मुक्ता एकमेकांचा हात धरून भिंतीकडेनं सरकत होतो. मग आत्यांनी मुक्ताच्या हातात काठी दिली. सुताराकडून करवून घेतलेली, कडुलिंबाच्या फांदीची. "नुसतं चाकावर हुबं केलं की पोर पायाकडं बघतं," त्या मला म्हणाल्या. "म्होरं बॉल असला की पाय इसरतं." त्यांनी चेंडू तिच्यासमोरून अलगद सोडला. मुक्तानं चेंडूकडे पाहिलं, माझा हात सोडला आणि गेली. सरळ हॉलच्या मधोमध, काठी पुढे धरून. मला टाळ्या वाजवायच्या होत्या, पण मीच तिच्या आधारानं उभा होतो हे तेव्हा कळलं. मी पडून राहूनच तिला पाहिलं. माझे डोळे भरून आले ते ढोपराच्या दुखण्यानं, असं मी बायकोला सांगितलं.

पुढे मला कायमचं गोलकीपर करण्यात आलं. गुण म्हणून माझी रुंदी. एकदा नगरहून चांगला तयार संघ आला आणि आमच्या पोरांवर नऊ गोल चढवून गेला. मी खचलो. आत्या म्हणाल्या, "नऊ डाव बॉल आत गेला. पन रडलं कोन? तुमी सोडून कुनीच न्हाई."

एका संध्याकाळी, भाद्रपदात, बाकीची पोरं घरी गेल्यावर मुक्तानं विचारलं, "आजी, तू का गं नाही घालत चाकं?" मला वाटलं, त्या काहीतरी टोला देतील. त्या फरशीकडे बघत म्हणाल्या, "डाक्टर म्हनतो हाडं ठिसूळ झाल्याती. येकदा पडले तर पुन्यांदा हुबी ऱ्हायची न्हाई." मग म्हणाल्या, "जावईबापू, त्यो जांभळा जोड आना."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी पायाळू नव्हतो, मला तो अधिकार होता. पण मी जोड आणला. एका बाजूनं मी अनवाणी, दुसऱ्या बाजूनं चाकांवर सराईत मुक्ता, आणि मधे साडीचा ओचा खोचलेल्या आत्या. आम्ही हॉलला एक फेरी मारली. त्यांनी माझी बोटं इतकी आवळली होती की अंगठी रुतली. पोरांना शेकडो वेळा हसत हसत पाडणारी ही बाई भीत होती. स्टेजपाशी त्या हळूच म्हणाल्या, "लई लांब हाय वो हे कार्यालय." फेरी संपल्यावर खुर्चीत बसून त्यांनी बराच वेळ पट्टे सोडले नाहीत. "घरी सांगू नगा," एवढंच म्हणाल्या. मुक्तानं अजून सांगितलेलं नाही.

दिवाळीनंतर त्यांचा मुलगा त्यांना कायमचं पुण्याला घेऊन गेला. आता वर्ग मी घेतो. माझी शिट्टी परवानगी मागितल्यासारखी वाजते, आणि बावीस पोरांची तेरा झाली आहेत. दर रविवारी आत्यांचा फोन येतो. कोण आलं, कोण नाही, हे त्या नावानिशी विचारतात, आणि मग म्हणतात, "आता फोन खाली फरशीवर ठिवा." मी ठेवतो. पोरं शेजारून धडधडत जातात, काठ्या आपटतात, कुणी पडतं, कुणी हसतं. पाच-दहा मिनिटांनी मी फोन उचलतो. आत्या म्हणतात, "कुनाचं तरी चाक करकरतंय. तेल घाला त्येला."

मी एकेकाला थांबवून बघतो, तर खरंच एक चाक सुकलेलं असतं. तेल घालतो, पोराला पुढे सोडतो आणि फोन परत फरशीवर ठेवतो.