चौथी पास, बसली पहिलीत

माझी आई हरणाबाई शाळेची पायरी कधी चढली नाही, पण माझ्या शाळेपायी अख्ख्या भावकीशी भांडली. भांडायला तिला फारसं कारण लागायचं नाही म्हणा! मेंढरामागं फिरून आवाज असा कमावलेला, की जत भागातल्या आमच्या वस्तीवर ती बोलली की पलीकडच्या वस्तीवरची कुत्री भुंकायची.

मी पाळण्यात असतानाच आत्यानं तिच्या लेकासाठी, गुंडासाठी, मला मागितलं. आई हटून बसली. शेवटी दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, बिरोबाचा भंडारा उचलून शब्द दिला, "पोरीची शाळा संपूस्तवर लग्नाचं नाव काढनार न्हाई." दादा शब्दाचे पक्के. शिवाय वस्तीवरची शाळा चौथीलाच संपायची, त्यामुळं आत्याही गप्प बसली.

त्र्याहत्तर साली मी चौथी पास झाले, तीही पहिल्या नंबरानं! लगेच आत्या खणनारळ घेऊन दारात हजर. मी मेंढरांच्या वाड्यात जाऊन हमसाहमशी रडले. मला शिकायचं होतं हो!

आई आत्याला गोड आवाजात म्हणाली, "वन्सं, पोरीला तिच्या मामाला भेटवून आनती, मग बगू." तिचा गोड आवाज ऐकूनच दादांनी सावध व्हायला हवं होतं.

केरबामामाचं गाव कर्नाटकाच्या हद्दीत. जून लागला तरी आम्ही तिथंच. एके सकाळी आईनं मला थेट शाळेत उभं केलं. कन्नड मला फडाफडा बोलता यायचं, आमच्याकडं घरोघरी बोलतात. पण वाचायला एक अक्षर येत असेल तर शपथ! मास्तरांनी सरळ पहिलीत बसवलं. एवढी घोडी मी, शेंबड्या पोरांच्या रांगेत! असा संताप झाला माझा! आणि आई? ती मास्तरांच्या पाया पडून हसत घरी गेली. आई आहे का वैरीण, असं झालं मला.

आठवड्याभरात दादा आणि आत्या शोधत आले. दादांनी शाळेच्या दारातून मला पाहिलं आणि आईवर उखडले, "चौथी शिकल्याली पोरगी पयलीत? काय येड लागलंय काय तुला?"

"आवं, हितली शाळा निराळी हाय. हितं सातवीला संपती."

"मग?"

"मग काय? शाळा संपूस्तवर म्हनून शब्द तुमीच दिलाय. बिरोबाचा भंडारा उचलून."

दादा बोटं मोजायला लागले. मोजता मोजता पायरीवरच बसले.

"आरं हरिबा," आत्या दादांवर किंचाळली, "माजा गुंडा म्हातारा हुईल की रं!"

दादांनी मान वर केली. "म्हंजी आजून सात वर्सं?"

आईनं पदर सावरला आणि माझ्याकडं बघत म्हणाली, "नापास झाली न्हाई तर."