अर्धं जातं अमरावतीला, अर्धं पातूरला

अडतीवर कापूस साठत नाही, किस्से साठतात. कापूस आला, तोलला, भरला, गेला. किस्से मात्र ओट्यावर तसेच पडून राहतात, त्यांना न्यायला कुणी गाडी पाठवत नाही. आज तुम्ही बसलाच आहात, तर थोडे तुमच्या अंगावर घालतो!

सातासमुद्रापलीकडे कुठं तरी लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यापायी आमच्या वऱ्हाडात कापसाचं सोनं झालं होतं. त्या दिवसांत मी अमरावतीला एका शेठच्या अडतीवर मापारी होतो. माप करायच्या आधी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बघायचं, हे माझं काम. वजन वाढावं म्हणून कापसात दगड दडवणारे लोक काही कमी नव्हते. दगड हाताला लागला की मी ओरडायचो, "गोटा!" मग सगळी अडत त्या गाडीवर धावून जायची.

घर माझं पातूरला. घर म्हणजे बायको, सगुणा. लेकरूबाळ नाही. अडतीमागं मला एक खोली मिळाली तेव्हा मी तिला निरोप धाडला, आता निघून ये. गाडीवानाबरोबर तिचा उलटा निरोप आला, "पयले जातं न्या. मायनं देल्लं जातं हाय. लोकाच्या जात्यावर मी दळनार नाई."

आता दगडाचं जातं पातूरहून अमरावतीला आणायचं कसं? हंगामात सगळ्या गाड्या कापसाला लागलेल्या, भाडी आभाळाला टेकलेली. पावसाळ्यात मी पायी घरी जायचो, तेव्हा काळ्या मातीत गाडीचं चाक फिरायचं नाही. गाडी असे तेव्हा परवडत नसे आणि परवडली असती तेव्हा रस्ता नसे!

*

पातूरकडून कापूस आणणारे आमचे रहीमचाचा. मोठा दिलदार माणूस. त्यांना म्हटलं, "चाचा, कापसाबरोबर एक जातं टाका ना गाडीत."

चाचांनी कानाला हात लावले. "कापसाच्या गाडीत गोटा? मापारी, मले जिता ठेवतीन का तुमचे लोकं?"

"अहो, माझंच जातं आहे."

"हे मी मार खाता खाता सांगू का?"

बरोबरच होतं त्यांचं. ही दहशत बसवणारा मीच होतो.

*

मग एक उंटवाला भेटला. पातूरवरून येणार होता, स्वस्तात आणतो म्हणाला. फक्त त्याची एक अट होती. उंटाच्या दोन्ही अंगांना भार सारखा पाहिजे.

मी चेष्टेनं म्हणालो, "एका बाजूला जातं बांध, दुसऱ्या बाजूला माझ्या बायकोला बसव."

तो गडी सरळमार्गी. पातूरला जाऊन त्यानं सगुणाला विचारलं, "बाई, तुमचं वजन किती असन?"

सगुणानं त्याला काय उत्तर दिलं ते त्यानं मला कधीच सांगितलं नाही. मला एवढाच निरोप आला, "मापाऱ्याले म्हना, दिसन ते तोलत नोको जाऊ!" त्यानंतर किती तरी दिवस तिचा निरोप नाही. मी आपला येईल त्या गाडीवानाला विचारायचो, "पातूरचं काही?" ते मान हलवायचे.

*

शेठला मात्र गाडीची अडचण नव्हती. त्यांनी मुंबईहून माणूसभर उंचीचा आरसा मागवला. वाटेत बैल बदलले, गाड्या बदलल्या, घाटात हमालांनी खांद्यावर घेतला, पण आला! आणि आला तो शेठच्या दारातून आत जाईना. आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला. शेवटी ठेवला अडतीच्या ओट्यावर. दुसऱ्याच दिवशी एका शेतकऱ्याच्या बैलानं त्यात दुसरा बैल पाहिला आणि शिंगं रोखली. शेठ मध्ये आडवे पडले म्हणून आरसा वाचला.

संध्याकाळी अडत रिकामी झाली की मी त्या आरशासमोर भाकरी घेऊन बसायचो. समोर एक माणूस जेवायला असायचा. तेवढीच सोबत.

*

आणि एक दिवस रहीमचाचा आले. माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, पण शेठ जवळच उभे म्हणून बोलले काही नाहीत. मी नेहमीसारखा पोत्यात हात घातला. आत गार, खरखरीत काही तरी लागलं.

जन्माची सवय! मी ओरडलो, "गोटा!"

सगळी अडत धावली. चाचांची मानगूट धरली, पोतं उपडं केलं. कापसातून गडगडत निघाली जात्याची वरची तळी. खुंट्याच्या भोकाशी सगुणानं लावलेलं हळदकुंकू तसंच होतं.

"सोडा त्यांना," मी म्हणालो, "तो गोटा माझा आहे."

शेठ कपाळाला हात लावून म्हणाले, "वा रे वा! आता आमचा मापारीच गोटे घालून राहिला!"

मी चाचांना बाजूला घेतलं. "गाडीत नुसती ठेवायची सोडून पोत्यात कशाला घातली?"

चाचा मान चोळत म्हणाले, "तुमच्या बायकोनं बजावलं होतं, मऊ जागी ठेवजा मनून!"

*

खालची तळी पुढच्या फेरीला यायची होती, पण चाचांनी पुन्हा तिचं नाव काढलं नाही. झालं काय, की वरची तळी माझ्याकडे आणि खालची तिच्याकडे. दळण दोघांचंही बंद. इकडे मी मारवाड्याच्या दुकानातलं पीठ आणायचो, तिकडे सगुणाला शेजारच्या काशीबाईच्या जात्यावर दळायला जावं लागलं. म्हणजे जे तिला आयुष्यात करायचं नव्हतं नेमकं तेच! निरोप आला, "एक तं वरची पाठवा, नाई तं खालची न्या. मी अर्ध्या जात्यासमोर बसून राहिली हाय."

मीही तेच करत होतो. एकदा खोलीत बसून ती तळी जमिनीवर नुसतीच फिरवून पाहिली. घरघर नाही, पीठ नाही. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू?

*

आगगाडी अकोल्यावरून अमरावतीकडे धावू लागली तेव्हा वाटलं, सुटलो! अकोल्यापर्यंत काही तरी करता येईल, पुढचं आगगाडी बघेल. कामानं तिकडे गेलो होतो तेव्हा स्टेशनात विचारलं. बाबू म्हणाला, "माल काय?"

"अर्धं जातं."

"फुटका माल आम्ही घेत नाही."

"फुटकं नाही हो, अर्धं आहे."

"मग उरलेलं अर्धं कुठाय?"

"अमरावतीला."

बाबूनं मागच्या माणसाला पुढं बोलावलं.

*

मग तिकडची लढाई संपली, आणि इकडे आमचा बाजार बसला. कापसाला कुणी विचारीना. शेठनी अडत मोडली, आरसाही विकला. आता जेवताना समोर भिंत होती. ज्या गाड्यांसाठी लोक हातापाया पडायचे, त्याच गाड्या चौकात माल शोधत उभ्या राहू लागल्या.

रहीमचाचा दारात आले. "मापारी, मी चाललो पातूरले. गाडी रिकामीच हाय. गोटा टाका, तुमी बसा, भाडं नोको."

इतकी वर्षं ज्याच्यासाठी झुरलो, ते फुकटात दारात उभं! खोलीला कुलूप लावलं, वरची तळी गाडीत घातली आणि तिला टेकून बसलो. वाटभर रिकाम्या गाड्या समोरून येत होत्या, खडखडत जात होत्या. मी एकाही गाडीकडे मान वर करून पाहिलं नाही. सगुणा काय म्हणेल, आपण काय म्हणायचं, याचीच मनात जुळवाजुळव चालली होती.

पातूरला घराला कुलूप!

काशीबाई बाहेर आली. मला पाहून तिनं तोंडावर पदर धरला. "अगं माय! तुमी इथं काहून? सगुणा तं कालच गेली ना अमरावतीले! रिकामी गाडी भेटली मने फुकटात. खालची तळी घेऊन गेली."

चाचांनी लगेच गाडी वळवली. "चला, बसा. बैल दमले हायेत, पन पोचतीन."

मी तळी उचलून गाडीत ठेवली. पाय चाकावर ठेवला, आणि एकदम लक्षात आलं. खोलीला कुलूप पाहून, मी पातूरला गेलो हे कळल्यावर, ती काय करेल? तिलाही परतीची गाडी फुकटातच मिळणार!

मी तळी पुन्हा खाली घेतली.

"मापारी," चाचा म्हणाले, "गोटा गाडीत का घरात?"

तळी पोटाशी धरून मी रस्त्यातच उभा होतो.