मामींच्या माथी

ही गोष्ट मी कुणाजवळ बोललो नाही. मित्राजवळ नाही, भावाजवळ नाही, बायकोजवळ तर नाहीच. चोवीस वर्षं. या महिन्यात घरात आणि गावात सांगितली — सांगणं भाग पडलं — आणि आता तुमच्यासमोर मांडतोय. तुम्ही मला ओळखत नाही, ते एका अर्थी बरंच आहे. ओळखणारे म्हणतात, माणूस सरळ आहे, हिशोबाला चोख आहे.

हिशोबाला चोख — हे मात्र खरं. नांदेडच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मी मुनीम आहे. तेव्हाही होतो. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, भाड्याच्या दोन खोल्या होत्या, आणि सुनंदाला दिवस गेले होते. रविवारी जेवणं झाली की आम्ही दोघं वही घेऊन बसायचो. दूध अर्ध्या लिटरचं एक लिटर करायचं. गोळ्या, तपासणी. पाळणा शेजारच्या काकूंचा मिळणार होता. दुपट्यांसाठी जुनी लुगडी धुऊन ठेवलेली. सुनंदा काटकसरीची; म्हणायची, "काजू कशाला? खारीक घ्या, तीच लागती अंगाला." आणि मी काजूवर काट मारायचो. तिचा पाय मांडीवर घेऊन दाबत बसायचो. हे मुद्दाम सांगतोय. माझं तिच्यावर प्रेम नव्हतं, असं तुम्हाला वाटू नये. प्रेम होतं. म्हणून तर हे जास्त वाईट आहे.

त्या यादीत एक ओळ होती — बाळंतपण. तिच्यापुढं मी आकडा लिहिला नाही. लिहिलं, 'माहेर'.

आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरचं. हे कुणी ठरवत नाही, ठरलेलंच असतं. सातव्यात ओटी भरायची, आईनं येऊन लेकीला घेऊन जायचं, पुढचा सगळा खर्च तिकडचा. त्या ठरलेल्या गोष्टीचा मला किती आधार वाटला होता! कारण त्याच महिन्यांत मी शहराबाहेरच्या एका प्लॉटचे हप्ते भरत होतो. तीन हप्ते चुकले की बयाणा बुडणार, अशी अट होती. घरात एकच गठ्ठा होता, पत्र्याच्या पेटीत. तो प्लॉटचा म्हणून बाजूला काढलेला. त्याला हात लावायचा नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

सातव्या महिन्याच्या तपासणीला आम्ही गेलो. सुनंदाला रक्ततपासणीसाठी शेजारच्या खोलीत नेलं आणि डॉक्टरीणबाईंनी मला एकट्याला आत बोलावलं. सोनोग्राफीचा कागद समोर होता. त्या म्हणाल्या, वार खाली आहे. मला कळलं नाही असं वाटून त्यांनी पुन्हा नीट समजावलं — वार गर्भपिशवीच्या तोंडाशी आहे, कधीही रक्तस्राव होऊ शकतो, आणि तो झाला तर घड्याळ बघायलाही वेळ नसतो. लांबचा प्रवास नको. खेड्यात तर मुळीच नको. इथंच मोठ्या दवाखान्याजवळ ठेवा, ऑपरेशन लागेल, रक्ताची सोय करून ठेवा.

मी "हो मॅडम" म्हणालो. खर्च किती येईल ते विचारलं. त्यांनी सांगितला.

मग कागद घडी करून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला आणि बाहेर आलो. सुनंदा दंडावर कापूस दाबून बाकावर बसली होती. तिनं विचारलं, "काय म्हणाल्या?"

त्या क्षणाकडं मी हजार वेळा वळून बघितलंय. कुणी जबरदस्ती केली होती का? घाई होती का? नव्हती. बाहेर रसवंती होती, मी तिला रस पाजला, आणि रस पिताना सांगितलं — सगळं नॉर्मल आहे.

मला कळलं नव्हतं, असं म्हणू का? कळलं होतं. मी मनात म्हटलं, डॉक्टर लोक घाबरवतातच. म्हटलं, मामी अनुभवी आहेत. म्हटलं, उदगीरला दवाखाने आहेत की. एवढं सगळं म्हणावं लागलं, यावरूनच कळतं ना, की मला कळलं होतं? कागद दुकानात नेऊन जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यात घातला. पुढं तो रद्दीत गेला.

मामी म्हणजे सुनंदाची आई. आमच्याकडं सासूला मामीच म्हणतात. उदगीरच्या पुढं पंधरा किलोमीटरवर त्यांचं खेडं. नवरा लवकर गेलेला, थोडी कोरडवाहू जमीन, आणि दत्ता हा एक मुलगा — तेव्हा एकोणीस-वीसचा, शेती बघणारा. ओटीभरण झाल्यावर त्या सुनंदाला न्यायला आल्या. येताना माझ्यासाठी करडईचं तेल आणि तीळ घेऊन आल्या. मी स्वतः दोघींना एसटीत बसवलं. खिडकीतून म्हणाल्या, "जावईबापू, घोर करू नका. लेक माजी हाय, फुलावानी सांभाळते." अहमदपूरला गाडी बदलायची होती. रस्ता खराब होता, हे मला ठाऊक होतं. गाडी सुटली आणि मी मोंढ्यावर जाऊन कामाला लागलो.

सव्वा महिना गेला. एका सकाळी सुनंदाच्या अंगावरून जायला लागलं. कळा नव्हत्या. आता मामींच्या जागी उभे राहून बघा — लेक सांगते, डॉक्टरनी सगळं नॉर्मल सांगितलंय. कळा नाहीत. दिवस भरलेले नाहीत. त्यांनी तिला झोपवलं, पायाखाली उशी दिली, शेजारच्या गावच्या नर्सबाईला बोलावणं धाडलं. नर्स येईपर्यंत दहा वाजले. जीप मिळेपर्यंत अकरा. उदगीरला डॉक्टरांनी बघितल्याबरोबर लातूरला न्या म्हणून सांगितलं. दत्तानं उदगीरच्या एसटीडी बूथवरून दुकानात फोन केला. "दाजी, लातूरला या," एवढंच बोलला.

मी पोचलो तेव्हा ऑपरेशन झालं होतं. मुलगी झाली होती, लहानखुरी पण रडणारी, जिवंत. सुनंदाही जिवंत होती. पण रक्त थांबेना म्हणून पिशवी काढावी लागली होती. सुनंदाचं वय तेव्हा बावीस.

डॉक्टर बाहेर आले. तापलेले होते. व्हरांड्यात मामी, दत्ता, गावचे चार जण होते. मामींच्या लुगड्यावर लेकीचं रक्त वाळलेलं. डॉक्टर त्यांनाच म्हणाले, "सकाळपासून काय करत होता तुम्ही? वाट कसली बघत होता?" मग माझ्याकडं वळून विचारलं, वार खाली असल्याचं आधी कुणी सांगितलं नाही? सोनोग्राफी केली नव्हती?

मी म्हणालो, केली होती. नॉर्मल म्हणून सांगितलं.

इथं थांबलो असतो तरी मी खोटारडा ठरलो असतो, एवढंच. पण मी थांबलो नाही. सगळे माझ्याकडं बघत होते आणि मला वाटलं — काय वाटलं? आपल्यावर येईल, असं वाटलं. मी मामींकडं वळलो आणि चारचौघांत, मोठ्यानं म्हणालो, "मामी, तुम्ही लगेच आणायला पाहिजे होतं. तुमच्या भरवशावर पाठवली होती मी तिला."

मामींनी तोंडाला पदर लावला. गावचे एक जण हळूच म्हणाले, "खरं हाय पाव्हण्याचं."

लातूरच्या दवाखान्याचं बिल मामींनी भरलं. माहेरचं बाळंतपण ना! त्यासाठी बोरमाळ मोडली, एक म्हैस विकली. मी त्या महिन्याचा प्लॉटचा हप्ता वेळेवर भरला. ज्या घरात बसून हे लिहितोय, ते त्याच प्लॉटवर उभं आहे.

पुढं काय होतं, सांगू? खोटं एकदा बोलून संपत नाही. ते घरातल्या माणसासारखं जेवतं-झोपतं. सुनंदा वर्षानुवर्षं त्या डॉक्टरीणबाईंना नावं ठेवायची, मी ऐकून घ्यायचो. आईविषयी ती कडवट कधी बोलली नाही, पण माहेरी जाणं कमी झालं. दिवाळीला दोन दिवस, तेही पाहुण्यासारखे. आमच्या पल्लवीला — मुलीचं नाव पल्लवी — मामी जवळ घ्यायला बघायच्या तेव्हा सुनंदा "राहू दे आई, पडंल ती" म्हणायची. एवढंच. पण मामी हात मागं घ्यायच्या.

आणि मी? मी चांगला जावई होतो. दुसऱ्या लेकरासाठी दुसरं लग्न केलं नाही, याचं मामींच्या गावात केवढं कौतुक! मामी माझ्या ताटात पहिली भाकरी वाढायच्या. मी खायचो.

एकदाच त्यांनी विचारलं. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नांदेडला आल्या होत्या, चार दिवस आमच्याकडं राहिल्या. सुनंदा पल्लवीला शाळेत सोडायला गेली होती. दोन्ही डोळ्यांवर हिरवं फडकं बांधलेलं, ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "जावईबापू, एक इच्यारू? राग नका मानू. त्या डॉक्टरीणबाईनं तुमाला खरंच काय सांगितलं न्हवतं?"

त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता. घरात तिसरं माणूस नव्हतं. यापेक्षा सोपी वेळ माणसाला कधी मिळते? मी म्हणालो, "नाही मामी. सगळं नॉर्मल होतं."

त्यांनी डोळ्यांवरचं फडकं नीट केलं. मग म्हणाल्या, "मंग माजंच चुकलं." आणि भिंत चाचपत आत गेल्या.

त्यानंतर त्या सात वर्षं जगल्या. सात वर्षांत मला सात दिवस तरी मिळाले असतील. एकही वापरला नाही.

हे सगळं आता का बोलतोय? पल्लवी लातूरला दिलीय, तिला सातवा महिना लागला. माणसं चांगली आहेत तिची. पुन्हा तीच वही, तीच यादी — आता सुनंदाच्या हातात. डिंक, खारीक, खोबरं, अळीव, कुंची, झबली. सगळं तिनं दोन महिन्यांपासून थोडं थोडं जमवलं. दवाखान्याचे पैसेही वेगळे काढले. पण लेकीला आणायला ती तयार नव्हती. "सामान पाठवते, पैसे पाठवते," म्हणाली, "बाळंतपण तिकडंच होऊ दे. माझ्या आईची चूक माझ्या हातून नको व्हायला."

पल्लवीचा फोन आला त्या दुपारी मी घरात होतो. पोरगी रडत होती, बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. "मम्मी, सगळ्यांच्या आया येऊन घेऊन जातात गं. मला तुझ्याजवळ यायचंय. मी काय जड झाले का तुला?" सुनंदा म्हणाली, "जड न्हाईस गं बाई. मलाच भ्या वाटतंय. आमच्या घरात आईच्या हाताला यश न्हाई."

फोन ठेवून ती खारका फोडायला बसली. मी समोर जाऊन बसलो आणि सांगितलं. कागद, खिसा, रस, पेटीतले पैसे, व्हरांडा, ओट्यावरचा प्रश्न — सगळं. मध्ये तिनं थांबवलं नाही. अडकित्ता हातात तसाच होता. संपल्यावर तिनं एकच विचारलं.

"आईला कळलं होतं का, जायच्या आधी?"

"नाही," मी म्हणालो.

ती उठली. तोंड धुऊन आली. माझ्यासमोरच पल्लवीला फोन लावला — "सामान भर. रविवारी येते मी न्यायला." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "व्हरांड्यात सगळ्यांदेखत बोलला होता ना? मग गावात जाऊन सगळ्यांदेखत सांगा. पल्लवीला बाळंत झाल्यावर सांगा. तेही तुम्हीच सांगा."

पल्लवी आता आमच्याकडं आहे. मायलेकी आतल्या खोलीत असतात. मला चहा मिळतो, जेवण मिळतं. तक्रार नाही, तक्रारीला जागाच नाही.

गेल्या आठवड्यात मी गावाला गेलो. व्हरांड्यातल्या चार जणांपैकी दोघंच उरलेत. दत्तानं त्यांना बोलावून घेतलं. त्याला वाटलं, दाजी ओटीभरणाचं आवतण द्यायला आलेत. बैठकीत बसून मी सांगितलं. मध्ये दोनदा पाणी प्यालो. म्हातारे दोघं उठून गेले.

दत्ता मात्र बसून राहिला. आता त्याचेही केस पिकलेत. मला वाटलं, अंगावर येईल. यावं, असंही वाटलं. तो खाली बघत होता. म्हणाला, "दाजी, तुमी व्हरांड्यात बोलला ते एक डाव बोलला. मी घरी आल्यावर आईला लई बोललो. म्हैस गेली, बोरमाळ गेली, आक्काचं वाटोळं झालं, सगळं तुज्यामुळं म्हणालो. साल-दोन साल म्या आईसंग धड बोललो न्हाई."

मग त्यानं वर बघितलं. "ते म्या आता कुणाला सांगू?"

मी उठून रस्त्यावर आलो. उदगीरची जीप आली, तिच्यात बसलो.