माझ्या पायाच्या कार्डावर तिची खाट

चैतात आमी दोघं नवरा-बायको अंगणात हळदीचं बेणं निवडत बसलो होतो. तिचे डोळे पिवळे दिसले. मी म्हणलं, "डोळ्यात हळद गेली का काय?" ती म्हणली, "तुमच्याच चष्म्याला लागली असंल." दोघं हसलो. तसेच पंधरा दिवस गेले. हळदीच्या घरात पिवळं कोण पाहतं?

नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलं, पॅन्क्रियाजचा कॅन्सर. म्हंजी जठराच्या मागं एक ग्रंथी असते, तिच्यातली गाठ. त्या गाठीनं पित्ताची वाट दाबली, म्हणून कावीळ. त्यांनी स्टेंट टाकला, म्हंजी आतून बारीक पोकळ नळी. अंगाची खाज थांबली. तेवढ्याचे उपकार मी मानतो.

माझा डावा पाय फौजेत सुरुंगावर गेला. त्याचं अपंग पेन्शन हाय, अन् त्याच्यावरच आमा नवरा-बायकोचं दवाखान्याचं कार्ड; बिल सरकार भरतं. वार्डात मी सगळ्यांला सांगायचो, माझ्या पायानं तिला खाट मिळाली.

मग रोज सुया, रोज रक्त. डॉक्टर म्हणायचे, "राहू द्या आणखी दोन दिवस. कार्ड आहे, तुम्हाला काय तकलीफ?" मी म्हणायचो, "जी साहेब." फौजेतली खोड. बाजूच्या बाईजवळ कार्ड नव्हतं. तिच्या लेकीनं सरळ इचारलं, आईला गुण येणार का न्हाई, अन् घरी नेलं. आमाला घाई नव्हती, म्हणून मी इचारलंच न्हाई.

अकराव्या दिवशी ती म्हणली, "तुमी माझे नवरे हाव का त्यांचे शिपाई? मला घरी, पुसेगावला न्या."

मी डॉक्टरकडं गेलो. "बरी होईल का? व्हय का न्हाई, तेवढंच सांगा."

ते कागद चाळत राहिले. मग म्हणले, "नाही. आता पॅलिएटिव्ह केअर." म्हंजी आजार जात न्हाई, दुखणं तेवढं कमी करायचं.

"ते घरी होतं का?"

"होतं. पण कार्ड असताना घरी कशाला?"

"पाय माझा गेला, साहेब. बायको कोणाला लिहून दिली न्हाई."

सही केली. दुखण्याचं औषध कधी, किती, ते लिहून घेतलं, अन् तिला घेऊन आलो.

ती नऊ दिवस ओसरीवर होती. शेजारणींच्या खोड्या काढत, मला रागं भरत. दहाव्या दिवशी गेली.

कार्डवाल्यांनो, कार्ड सोडू नका, हक्काचं हाय. पण गुण येणार का, हे पहिल्याच आठवड्यात इचारा. खाट फुकट हाय म्हणून माणूस खाटेवर ठेवू नका. मी तिचे दिवस वाया घातले. त्याचा दोष डॉक्टरवर टाकत न्हाई, माझाच हाय.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊबंद तिची गोधडी शिवेबाहेर टाकायला आले. रीत हाय म्हणले. मी म्हणलं, "हात लावू नका." नकली पाय बांधला, गोधडी हिरीवर नेली, दगडावर आपटून धुतली अन् सगळ्यांच्या देखत भिंतीवर वाळत घातली.