एका वेळी एकच

तुमच्याकडे कधी असे पाहुणे आलेत का, जे वर्षानुवर्षं रोज येतात, पण ज्यांचं तोंड तुम्ही पाहिलेलंच नाही? वसईच्या आमच्या घरी यायचे, फोनच्या तारेतून! त्यांचे किस्से खूप साठलेत. ऐकणारं माणूस घरात नसलं की किस्से साठतातच.

इंटरनेट घरोघरी यायच्या आधीची गोष्ट. ह्यांनी बाहेरच्या खोलीत बुलेटिन बोर्ड थाटला होता. म्हणजे एक कॉम्प्युटर, एक मोडेम आणि घरातला एकुलता एक फोन. लोक आपापल्या कॉम्प्युटरवरून आमचा नंबर लावायचे, आमचं मशीन फोन उचलायचं, आणि ते एकमेकांसाठी निरोप लिहून जायचे. एका वेळी एकच माणूस. खरं नाव कोणीच देत नसे. कोणी घोडा, कोणी उंट, कोणी बोंबील. बोर्ड चालवणारे हे, म्हणून हे 'सिसॉप'.

*

एकदा सासूबाईंनी भावाला फोन करायला रिसीव्हर उचलला, तर आतून मोडेमची किंकाळी! त्या मुळीच घाबरल्या नाहीत. "रडू नको रे बाळा, आईला बोलव," म्हणाल्या.

संध्याकाळी हे घरी आले, तर त्यांना दारातच अडवलं. "तुझ्या मशीनमध्ये कोणाचं तरी पोर अडकलंय. चपला काढायच्या आधी त्याला काढ!"

*

घोडा आणि उंट बोर्डावर बुद्धिबळ खेळायचे, दिवसाला एक चाल. ह्यांनी एका रविवारी सगळ्यांना घरी बोलावलं. आले ते दोघंच, आणि एकमेकांना बघून ओट्यावरच थबकले. दोघं चंदनसारच्या एकाच बिल्डिंगमधले, एक वर, एक खाली! बाथरूमच्या गळतीवरून बोलणं बंद होतं. माझे पोहे खाल्ले आणि न बोलता गेले.

दुसऱ्या दिवशी घोड्याची चाल आली. "शह. प्लंबर शनिवारी येतोय."

*

दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा व्हायची. एका वर्षी ह्यांनी फक्त झेंडू वाहिला. सासूबाईंना ते अपुरं वाटलं. समोर फ्लॉपीची खाच दिसली, त्यांनी चिमूटभर हळद-कुंकू आत सोडलं!

मशीन सुरू झालं, तेव्हा ह्यांनी सूचना लावली. "बोर्ड दोन दिवस बंद होता. कारण कुंकू."

*

बोर्डावर सिसॉपला हाक मारायची सोय होती. बोंबील दुपारी हाक मारायचा, मशीन टूं टूं करायचं. हे कामावर. शेवटी मीच एका बोटाने लिहायला शिकले. "ते नाहीत. मी वहिनी. जेवलात का?" पुढे काय लिहायचं ते सुचायचं नाही, म्हणून रोज तेच. त्यालाही बोलायला कोणी नसावं.

एकदा त्याने विचारलं, "वहिनी, भात ठेवलाय. पाणी किती?" मी एकेक अक्षर शोधत नीट लिहिलं, बोटाच्या पेरापर्यंत वगैरे.

उत्तर आलं, "वहिनी, भात लागला."

*

मग इंटरनेट आलं, बोर्ड ओस पडला. तरी हे दर दसऱ्याला मशीन पुसून चालू करायचे.

हे गेले तेव्हा पार कामण गावापासून माणसं आली. पेपरातही छापलं. पण त्यात 'सिसॉप' थोडंच लिहिलं होतं! बोर्डावरच्यांना कळवायचं कसं? आणि कधीमधी तो फोन अजून वाजायचा. उचलला की कोणी बोलायचं नाही. टीं... टीं... आणि बंद.

"फॅक्स असेल, आई. काढून टाक तो फोन," मुलगा पुण्याहून म्हणायचा.

मी मात्र तो आवाज ओळखायचे. कोणाचं तरी मशीन आमच्या मशीनला शोधत होतं. त्याला तोंडाने काय सांगणार?

गेल्या महिन्यात मुलाने फोन काढून न्यायचा अर्ज करूनच टाकला. लाइनमन उद्या येतो म्हणाला. मी संध्याकाळी मशीन पुसलं. आधी मोडेम, मग मॉनिटर, मग कॉम्प्युटर, ह्यांनी शिकवलं होतं तसं. खरखरत का होईना, चालू झालं. एका बोटाने सूचना लिहिली. "सिसॉप गेले. वहिनी." फोनची पिन मोडेमला लावली आणि झोपायला गेले.

सकाळी सूचनेखाली एक ओळ होती. "वहिनी, जेवलात का?" लाइनमन आला, त्याला चहा दिला आणि परत पाठवलं.