उरलेला द्रोण

भोंडल्याच्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या मुलींची पुढारी मी होते. कुणी नेमलं नव्हतं. मी बारा वर्षांची होते, आवाज खणखणीत होता आणि भांडणात कुणाला हार जात नव्हते, एवढ्या भांडवलावर पुढारीपण आपसूक आलं. पुढच्या वर्षी माझं लग्न करायचं घरात ठरलेलं होतं, म्हणून आईही त्या नवरात्रात मला फारसं अडवत नव्हती. हुंदडून घेऊ दे एवढं शेवटचं, असं ती शेजारणींना सांगे, आणि ते ऐकून मला आणखीच चेव येई.

बालाजी घाटाच्या वरच्या गल्ल्यांत आमच्यासारखी मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेली. वडील पाठशाळेत शिकवत. दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, घरात मराठी, आणि तिलाही हिंदीची फोडणी. पण आश्विन लागला की मुलींचा भोंडला व्हायचाच. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची, एका घरचं आटोपलं की दुसऱ्या घरी जायचं. गाणी संपली की घरची बाई झाकलेला डबा हलवून दाखवी आणि आत काय खिरापत आहे ते आम्ही ओळखायचं. तिखट की गोड, तळलेलं की भाजलेलं. ओळखल्याशिवाय मिळणार नाही असा नियम होता, पण एखादी लहानगी ओठ काढायला लागली की नियम बिचारा कोपऱ्यात जाऊन बसे.

दुसरे नियम मात्र पक्के होते. सर्वांत मोठी पुढे, तिच्या खालची मागे, मधल्या सगळ्या हातात हात घालून. अनोळखी माणसाने दिलेलं काही खायचं नाही. मुलांना लाकूड हुंगवून पळवणारा लकडसुंघवा फिरतो, त्याच्यापासून सावध राहायचं. आणि घाटाच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत. काशीत राहायचं तर सांड आणि सीढ़ी यांपासून जपावं, अशी तिकडे म्हणच आहे. म्हणीत आणखी दोघांची नावं येतात, ती आई आमच्यासमोर घेत नसे.

या सगळ्यांवर बायकांनी एक युक्ती काढली होती. भोंडल्याला किती मुली येणार ते पुढारणीने सकाळी त्या त्या घरी सांगून यायचं. घरची बाई मोजून तेवढेच पळसाच्या पानांचे द्रोण भरून ताटात मांडी. वाटप पुढारीण करी. एकीला एक, मग ती कितीही लाडकी असो. ताट रिकामं झालं की मुली पुऱ्या आहेत. द्रोण उरला तर कुणीतरी मागे राहिलं, तसंच उलट पावली शोधायला निघायचं. लहान मुलींची डोकी मोजायला गेलं तर त्या जागेवर ठरत नाहीत, पण खाऊ समोर आला की गायही गोठ्यात येते, असं आई म्हणे. मला ही युक्ती फार आवडे. हातात ताट घेऊन मी मोठ्या तोऱ्यात फिरायची.

त्या वर्षी समोरच्या घरची मुलगी पहिल्यांदाच आमच्यात आली. पाच वर्षांची. समोरच्या काकूंना लग्नानंतर चौदा वर्षांनी झालेली, त्यामुळे तिचे पाय कधी फरशीला लागले असतील तर शपथ. तिचा परकर वाढत्या अंगाचा म्हणून चार बोटं लांब शिवलेला होता आणि तो सावरण्यात तिचा एक हात कायम गुंतलेला असे. दुसरा माझ्या हातात. काकूंनी रोज तो हात स्वतः माझ्या हातात दिला आणि रोज तेच सांगितलं, की पुराचं पाणी उतरलंय, घाटावर माटीची फिसलन आहे, हिचा हात सोडू नकोस. मी रोज मान हलवली. खरं सांगायचं तर मला तिचा जाच व्हायचा. ती हळू चाले, प्रत्येक खिडकीपाशी थबके, आणि वाटेत कुत्र्याची पिल्लं दिसली की झालंच.

सातव्या माळेची संध्याकाळ होती. पुरुषमंडळी रामलीलेला गंगेपलीकडे रामनगरला गेली होती. दुपारपासून घाटावरून नावा भरभरून सुटत होत्या. माझी धाकटी बहीण एरवी आमच्यातली तेरावी, पण तिला तीन दिवस ताप होता. म्हणून सकाळी मी दोन्ही घरी बारा मुली येतील असं सांगून आले होते.

पहिलं घर आटोपून आम्ही दुसऱ्या घरी, वैद्यांकडे, निघालो. घाटाकडे उतरणारी वाट जिथे फुटते, तिथे समोरून सांड आला. ती गल्ली अशी की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं. मुली किंचाळत दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर चढल्या. मीही चढले, आणि चढायला दोन्ही हात लागतात म्हणून तिचा हात सोडला. सांड अगदी सावकाश, कुणाचं काही लागत नसल्यासारखा निघून गेला. आम्ही उतरलो, हसलो, पुन्हा हातांची साखळी केली. माझा हात मोकळा होता. मला वाटलं, मागच्या मुलीने तिला धरलं असेल. मागच्या मुलीला वाटलं, ती रोजच्यासारखी माझ्यापाशी असेल. आणि मोजायचं कशाला, वैद्यांकडे द्रोण मोजले जाणारच होते. मोकळ्या हाताने चालताना मला बरं वाटलं, हेही लिहून टाकते.

वैद्यीण काकूंनी ओल्या नारळाच्या वड्या केल्या होत्या. काशीत ओला नारळ म्हणजे चैन, तो कलकत्त्याकडून येई. डबा हलताच आवाजावरून मी ओळखलं आणि सगळ्यांच्या आधी ओरडून सांगितलं. मग मी ताट घेतलं आणि वाटत गेले. सगळ्यांना मिळाले, मीही माझा घेतला, आणि ताटात एक द्रोण उरला.

मी त्याच्याकडे पाहिलं. तेवढा क्षण मला अजून जसाच्या तसा दिसतो. द्रोणात दोन वड्या होत्या, वर वेलदोड्याची पूड, एका वडीचा कोपरा तुटलेला. सकाळी मीच बारा सांगितलं होतं, हे मला ठाऊक होतं. उरलेल्या द्रोणाचा अर्थ काय हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि तरी माझ्या मनात आधी वड्याच आल्या. मग मनाने लगेच सोय केली, की वैद्यीण काकूंनी माझ्या आजारी बहिणीची आठवण ठेवून जास्तीचा भरला असेल. मी मोठ्याने म्हणाले की हा बहिणीसाठी नेते. काकू म्हणाल्या, "ने हो, गुणाची गं पोर." ताट रिकामं झालं.

ताप असलेल्या मुलीला नारळ देत नाहीत, हे काशीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

आमच्या गल्लीत शिरलो तेव्हा म्युनिसिपालटीचा माणूस शिडी लावून कंदील पेटवत होता. समोरच्या काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी आमच्या रांगेवर एकदा नजर फिरवली, पुन्हा फिरवली, आणि मला विचारलं, "माझी कुठाय गं?" बहिणीसाठी घेतलेल्या द्रोणातली एक वडी तेव्हा माझ्या तोंडात होती. ती धड गिळता येईना, धड थुंकता येईना.

मग सगळी गल्ली शोधायला निघाली. बायकाच जास्त, पुरुष रामनगरला. कुणी चौकीवर वर्दी द्यायला धावलं. बायकांच्या तोंडी लकडसुंघव्याचंच नाव होतं, म्हणून गल्ल्या, देवळं, धर्मशाळा धुंडाळल्या आणि घाटाकडे लोक सर्वांत शेवटी गेले. तिथे एका फुलवालीने सांगितलं, की परकर उचलून धरलेली एक मुलगी पायऱ्या उतरून रामनगरच्या नावा बघत उभी होती. इतक्या माणसांत कुणाची तरी असेल, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी राजघाटाच्या अंगाला मल्लाहांना, नावाड्यांना, ती सापडली. काशीत एवढ्या लहान मुलांना अग्नी देत नाहीत, गंगेत सोडतात. ज्या पाण्यातून तिला काढलं त्याच पाण्यात पुन्हा सोडलं. काकूंना घाटावर येऊ दिलं नाही. त्या आत कुठेतरी सारख्या एकच प्रश्न विचारत होत्या, की आता आणलीच आहे तर घरी का नाही आणत.

मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. सांडाला बोलले, गाळाला बोलले, नशिबाला बोलले. विद्वान मंडळी म्हणाली, काशीत मरण, पोर सुटली. पाच वर्षांच्या मुलीला कशातून सुटायचं होतं, हे त्यांना विचारावंसं मला तेव्हाही वाटलं होतं. त्या वर्षापासून घरोघरचा भोंडला बंद झाला. पंधरवड्याने वैद्यीण काकू आईला भेटायला आल्या. निघताना त्यांनी मला जिन्यापाशी गाठलं, पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "तो द्रोण कुणाला सांगू नकोस हो. आपल्या दोघींतच राहू दे." त्यांनी हिशेब लावला होता. त्यांना वाटलं, त्या मला वाचवताहेत. मलाही तसंच वाटलं.

लग्न होऊन मी भोसले घाटाकडे गेले. सासर म्हणजे पाच-सहा गल्ल्या पलीकडे, माहेरी दिवसातून दोनदा जाऊन यावं एवढ्या अंतरावर. तरी मी जाताना वाकडी वाट करून मागच्या दाराने जाई. समोरच्या काकू देवळात दिसल्या तर मी खांबाआड होई. त्यांना पुढे मूल झालं नाही. त्या मला बघून नेहमी थांबत, काही विचारायचं असावं तशा, आणि मी नमस्कार करून सटकत असे. त्या मला जाब विचारतील या भीतीने मी पंधरा वर्षं त्यांच्याशी दोन वाक्यं धड बोलले नाही.

मग माझी मुलगी पाच वर्षांची झाली. तोवर लोक सगळं विसरले होते आणि आमच्या घाटावर मुलींनी पुन्हा घरोघरी भोंडला सुरू केला होता. मी तिला पाठवलं नाही. ती रडली, मी तिला धपाटा घातला, आणि त्या धपाट्याचा आवाज ऐकून मलाच रडू कोसळलं. त्याच दुपारी मी उठून समोरच्या काकूंकडे गेले. पुढच्या दाराने.

त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते, नजर मंदावली होती, तांदूळ डोळ्यांपाशी नेऊन बघत होत्या. मी बसले आणि सगळं सांगितलं. सांड, सुटलेला हात, उरलेला द्रोण, बहिणीचं खोटं नाव, तोंडातली वडी. काही म्हणजे काही झाकलं नाही. सांगून झाल्यावर मी वाट बघत राहिले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी त्या पदरात बांधून घरी नेल्या असत्या.

काकूंनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आणि त्याच्या आधीच्या घरी गं? तिथे ती होती ना?"

मी हो म्हटलं.

"तिथे काय होतं? खाल्लं का तिनं?"

मला प्रश्नाचा रोख कळेना. काकूंनी मग सांगितलं. त्या दिवशी दुपारी पोर जेवली नव्हती. भोंडल्याला पोटात जागा हवी म्हणून हट्ट करून बसली. काकूंनी रागावून ताट उचललं, म्हणाल्या, मग राहा उपाशी. "उपाशीच गेली," काकू म्हणाल्या. "बिटियाला मी उपाशी धाडलं. तुला विचारायचं म्हणून कितीदा थांबले, पण तू तर ठैरतच नव्हतीस."

मला सगळं आठवत होतं. पहिल्या घरी गुळपापडी होती. तिने तिची खाल्ली, मग हात पुढे करून आणखी मागितली, आणि त्या घरच्या बाईंनी नियम मोडून दिली. तीही संपवून ती द्रोण चाटत बसली. मला उशीर होत होता म्हणून मी तिच्या हातातून द्रोण हिसकला आणि तिच्या हनुवटीला लागलेला गूळ माझ्या ओढणीने खसकन पुसला. एवढं सगळं माझ्याजवळ होतं. पंधरा वर्षं होतं, पाच-सहा गल्ल्यांच्या अंतरावर, आणि मी ते माझ्या अपराधाबरोबर कुलपात ठेवून बसले होते.

मी सांगितलं, पोटभर खाल्ली. आणखी मागून घेतली. हसत होती.

काकूंनी माझं मनगट धरलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा सांगितलं. त्या संध्याकाळी त्यांनी मला किती वेळा सांगायला लावलं, ते मी मोजलं नाही.