उंदरांची जीभ आणि पुण्याचा गूळ

जिभेची आवड रक्तातून येते आणि लग्नानं ती बदलत नाही, असं माझं शास्त्रीय मत होतं. मी नागपूरचा, बायको पुण्याची. ती आमटीत गूळ घालायची आणि मी रोज नाक मुरडून (दोनदा वाढून घेऊन!) जेवायचो.

चंडीगडला माझी पीएचडी चालली होती तीही यावरच. उंदरांची दोन घराणी. एकाला कॅल्शियमचं पाणी जीव की प्राण, दुसरं त्याला तोंड लावेना. पिंजऱ्याला दोन बाटल्या, एक साध्या पाण्याची, एक कॅल्शियमची. कुठली संपते ते बघायचं आणि रोज त्यांच्या जागा बदलायच्या. बस्स! तेवढ्यात कर्फ्यू जाहीर झाला. प्रयोगशाळेत त्यांना पाणी द्यायला कोणी येणार नव्हतं, आणि उंदीर मेले की पीएचडी गेली! मी पिंजरे स्कूटरला बांधून घर गाठायला निघालो.

नाक्यावर जवानानं बंदूक रोखली. "डिब्बे में क्या है?"

"चूहे, जी. पीएचडी के."

त्यानं आत डोकावून कपाळाला हात लावला. "यहाँ आदमी का भरोसा नहीं, और डॉक्टर साब चूहे बचा रहे हैं!"

घरी बायको कळवळली. "अहो, हे बिचारे या बाटलीला तोंडच लावत नाहीत!"

"लावणारच नाहीत. रक्तातच नाही त्यांच्या. माझ्या रक्तात तुझा गूळ नाही, तसंच!" मी तोऱ्यात म्हणालो.

आणि दुसऱ्याच दिवशी त्या नाक मुरडणाऱ्या घराण्यानं कॅल्शियमची बाटली फस्त केली! (पाणी जरा पिवळसर दिसलं होतं, पण आनंदात रंग कोण बघतो?)

"अगं, शोध लागला! कर्फ्यूच्या धसक्यानं जनुकं बदलली!"

मी गाइडना फोन केला. कर्फ्यू जरा सैल होताच ते धापा टाकत आले, "वाह जी वाह!" म्हणत वाकले आणि थबकले. बाटलीवर मुंग्यांची रांग! त्यांनी थेंब चाखला.

"यार, ये तो शरबत है!"

मी बायकोकडे पाहिलं.

"तुरट लागत होतं हो," ती म्हणाली. "नखाएवढा गूळ टाकला. घरी आलेल्यांना तहानलेलं कसं ठेवायचं?"

"भाभीजी, पीएचडी आप ही ले लो!" गाइड खो खो हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "फिर से शुरू करो."

ते गेल्यावर मी बायकोला नको नको ते बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि बिनगुळाची आमटी केली. पहिलाच घास घशाखाली उतरेना.

"गूळ... संपलाय का गं?"

ती उठली. माझ्या पानाशी तिनं दोन वाट्या ठेवल्या, एक गुळाच्या आमटीची, एक बिनगुळाची, आणि हनुवटीला हात लावून समोर बसली. मी डावी वाटी चाटूनपुसून संपवली.

दुसऱ्या दिवशी तिनं वाट्यांच्या जागा बदलल्या. मी उजवी संपवली!